परदेशातले बिऱ्हाड



जून महिना लागला की पुण्यात स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर एक देखावा ठरलेला असतो. गाडी थांबते. आधी वडील उतरतात, मागून मुलगा. हातात बॅग, खांद्यावर अंथरुणाची वळकटी, आणि आईने दिलेला लाडवांचा डबा. वडील पत्त्याचा कागद रिक्षावाल्यापुढे धरतात. प्रवेश मिळालेला असतो, फी भरलेली असते. पण बापाच्या मनाला एकच घोर लागलेला असतो : पोराने राहायचे कुठे, आणि जेवायचे काय?

हा घोर आजचा नाही. एकशेचाळीस वर्षांपूर्वी याच पुण्यात जन्मलेली एक अठरा वर्षांची मुलगी सातासमुद्रापलीकडच्या शहरात बिऱ्हाड करायला निघाली, तेव्हाही प्रश्न हेच होते. तिचे नाव आनंदीबाई जोशी. शाळेत आपण मुलांना सांगतो, की अमेरिकेत जाऊन डॉक्टरीची पदवी मिळवणारी ही पहिली भारतीय स्त्री. धड्यात जाण्याची तारीख असते, पदवीची असते आणि मृत्यूची असते. मधली तीन वर्षे ती बाई कोणत्या खोलीत राहिली, काय जेवली, थंडीत काय पांघरून बसली, हे धड्यात नसते. आज मला त्याविषयीच दोन शब्द बोलायचे आहेत. कारण विद्या कॉलेजात मिळते हे खरे, पण विद्यार्थी टिकतो तो बिऱ्हाडाच्या आधाराने.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले ते गोपाळराव जोशी यांच्याशी. ते टपाल खात्यात नोकरीला होते, आणि बायकोने शिकलेच पाहिजे या हट्टाचे होते. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाईला दाखवायला बाई डॉक्टर नाही, आणि पुरुष डॉक्टरपुढे लाजेने तोंड उघडत नाही, अशी त्या वेळी आपल्या घरोघरी स्थिती. आपण स्वतःच डॉक्टर व्हायचे, हे त्यांच्या मनाने तिथे घेतले.

गोपाळराव कोल्हापुरास असताना त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला होता. ते पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आले. न्यू जर्सी प्रांतातल्या रोझेल गावी राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई १८८० साली दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. पाळी यायला वेळ होता, म्हणून समोर पडलेले मासिक त्यांनी चाळले आणि हे पत्र त्यांच्या वाचनात आले. ना ओळख ना पाळख, पण बाईंनी घरी जाऊन पत्र लिहिले. तिथून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला तो तीन वर्षे चालला. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. मंडळी, ही गोष्ट ध्यानात ठेवा. आनंदीबाईंना परदेशात आधी कॉलेज मिळाले नाही, आधी एक घर मिळाले.

निघण्याआधी लोकांनी प्रश्न विचारून त्यांना हैराण केले. एकटी का जातेस? धर्म बुडवणार का? तेव्हा जोशी कुटुंब बंगालमध्ये श्रीरामपूरला होते. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण करून सर्वांना जाहीर उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे वचन त्यांनी दिले. सभेत टाळ्या पडल्या. पण हे वचन पुढे पाळायचे होते ते सभेत नव्हे, तर परक्या गावातल्या चुलीपाशी आणि कपड्यांच्या पेटीपाशी.

७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून त्यांची बोट सुटली. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. म्हणजे जवळजवळ दोन महिने पाण्यावर. बंदरावर कार्पेंटरबाई स्वतः घ्यायला आल्या होत्या. पहिला उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेलला त्यांच्या घरीच काढला. अंगणात लेकरे खेळताहेत, घरात मावशी आहे, कोणी चुकले तर सांगणारे आहे. नव्या देशाची रीत अंगवळणी पडायला याहून चांगली शाळा कोणती? याच घरातून जून महिन्यात त्यांनी फिलाडेल्फियाच्या कॉलेजाकडे अर्ज केला.

ते कॉलेज म्हणजे पेनसिल्व्हेनियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय. स्थापना १८५० ची. बायकांना डॉक्टरीची पदवी देणारी संस्था जगात तेव्हा शोधूनही सापडत नसे, अशा काळात ते निघाले. १८८३ साली रेचेल बॉडले नावाच्या विदुषी त्याच्या प्रमुख होत्या. त्यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली. ऑक्टोबरात शिक्षण सुरू झाले. मावशीचे घर सुटले आणि आनंदीबाईंचे स्वतःचे बिऱ्हाड सुरू झाले.

आता ही खोली कशी होती ते ऐका. आपल्याकडे पौषातली थंडी कितीही झोंबली तरी रांजणातले पाणी काही गोठत नाही. फिलाडेल्फियात हिवाळ्यात बर्फ पडते आणि पारा शून्याखाली जातो. तिथे घर म्हणजे आधी ऊब. त्या काळी खोलीच्या भिंतीत शेगडी बांधलेली असे, तीत कोळसा किंवा लाकूड जाळायचे, आणि धूर वर धुराड्यातून बाहेर जायचा. आपल्या मायबहिणींना हे शास्त्र सांगायला नको. धुराडे नीट ओढत नसेल तर धूर उलटा घरात भरतो. आनंदीबाईंच्या खोलीतल्या शेगडीची हीच गत होती. पेटवली की खोलीभर धूर, विझवली की हाडे गोठवणारा गारठा. धुराने खोकायचे की थंडीने कुडकुडायचे, एवढीच निवड त्यांच्या हाती होती. आणि त्या खोलीत बसून शरीरशास्त्राचे, औषधींचे जाडजूड ग्रंथ परक्या भाषेत पाठ करायचे होते.

दुसरा प्रश्न जेवणाचा. मांस वर्ज्य. त्या शहरात कोपऱ्यावरच्या दुकानात तूरडाळ, ज्वारीचे पीठ नि फोडणीचे सामान मिळण्याचा तो काळ नव्हता. शाकाहारी माणसाला आपले आपणच काही रांधून घ्यावे लागे. दिवसभर तास, संध्याकाळी चूल, रात्री अभ्यास. त्यात जेवणालाच काट बसली असेल तर नवल नाही. थंड मुलखात अंगाला अन्न जास्त लागते, आणि नेमके तिथेच ते कमी पडत होते.

तिसरा प्रश्न लुगड्याचा. आपले नऊवारी लुगडे कामाला चांगले, पण पोटऱ्या उघड्या राहतात. तिथल्या लोकांना ते कसेसेच वाटे, आणि थंडी तर काही ऐकून घेत नाही. गाऊन घालावा तर दिलेले वचन मोडते. आनंदीबाईंनी मधला मार्ग काढला. गुजराती पद्धतीने साडी नेसायची, म्हणजे पाय घोट्यापर्यंत झाकले जातात. हा निर्णय दिसायला लहान. पण नवऱ्याला कळवायचे तर पत्र पोचायला सुमारे महिना, उत्तर यायला आणखी महिना, आणि तोवर डोक्यावर विचारांचे ओझे. गोपाळराव हट्टी, तापट. घरून येणारे प्रत्येक पत्र काही धीर देणारेच असे नाही. परदेशी एकट्या राहणाऱ्या माणसाला पत्रातले एक कठोर वाक्य किती दिवस बोचत राहते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

त्या कॉलेजातले १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तिघी विद्यार्थिनी शेजारी शेजारी आहेत : आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबत इस्लामबुली. तिघींच्याही अंगावर आपापल्या देशाचा पोशाख आहे. चित्र पाहिले की अभिमान वाटतो. पण गुरुजींनो, मुलांना हे चित्र दाखवाल तेव्हा एवढेही सांगा, की चित्रातल्या आपल्या बाईंची प्रकृती तोवर ढासळत चालली होती. ताप येई, चक्कर येई, खोकला हटत नसे.

तरी त्यांनी अभ्यास पुरा केला. प्रबंधाला विषय घेतला तो प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. गोपाळराव १८८५ सालीच तिथे पोचले होते. समारंभाला इंग्लंडहून खास पंडिता रमाबाई आल्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागासाठी आनंदीबाईंची नेमणूक केली. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या. पण कोल्हापूरच्या दवाखान्याची पायरी चढणे नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. बावीस वर्षे पुरी व्हायला महिनाभर अवकाश होता. त्यांची रक्षा अमेरिकेला कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली, आणि न्यूयॉर्क प्रांतातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत मावशीच्या माणसांत तिला जागा मिळाली.

त्या खोलीने आनंदीबाईंचा बळी घेतला असे मी म्हणणार नाही. ते खरे धरून चालता येणार नाही. प्रकृती निघण्यापूर्वीच नाजूक होती. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जर्मनीत १८८२ साली शोधला होता, पण त्याला मारणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. डॉक्टर तरी काय करणार? पण एवढे निश्चित, की क्षयाच्या रोग्याला जे जे हवे, म्हणजे मोकळी हवा, ऊब, सकस अन्न आणि मनाला स्वस्थता, ते ते त्या खोलीत नव्हते. कोणी वाईट वागले असेही नाही. कॉलेजने पैसे दिले, मान दिला, बॉडलेबाईंनी माया केली. नडले ते घर.

आता पुढची हकीगत ऐका, कारण ती पुण्याची आहे. समारंभाला आलेल्या पंडिता रमाबाई अमेरिकेतच राहिल्या. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्याला प्रस्तावना बॉडलेबाईंनी लिहिली. गावोगाव व्याख्याने देऊन रमाबाईंनी मदत जमवली आणि परत येऊन मुंबईत शारदा सदन उघडले. तारीख होती ११ मार्च १८८९, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी. शारदा सदन ही नुसती शाळा नव्हती. तिथे मुलींनी राहायचे, जेवायचे आणि शिकायचे. पुढच्याच वर्षी ती संस्था पुण्यात आली. पुढे धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात तिच्यावर मोठे वादळ झाले, हा इतिहास आहेच. पण विधवा मुलीला शिकवायचे तर आधी तिला छप्पर दिले पाहिजे, ही गोष्ट त्या सदनाने पुण्याला दाखवली.

या सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली फर्गसन कॉलेजातले प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्यांचे नाव आनंदीबाई ठेवले. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९०० साली हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून तो तिथे नेला. ही झोपडी आजही जपून ठेवलेली आहे. गुरुजींनी मुलांची सहल पुण्याला आणली तर शनिवारवाड्याबरोबर ती झोपडीही दाखवावी.

याच कर्व्यांच्या नात्यातला, त्यांच्या आश्रयाने शिकलेला, कोकणातल्या मुर्डी गावचा एक मुलगा १८९६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. १८९९ साली गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचा मान मिळवून ते सीनियर रँग्लर झाले. बुद्धी त्यांची होतीच. पण केंब्रिजची रीतही पाहा. तिथे विद्यार्थ्याला कॉलेजच सामावून घेते. त्यातच राहायच्या खोल्या, त्यातच भोजनगृह, त्यातच लक्ष ठेवणारा शिक्षक. फिलाडेल्फियातल्या धुराच्या खोलीशी ताडून पाहिले म्हणजे फरक कळतो.

परांजपे परत येऊन फर्गसनचे प्राचार्य झाले. पुढे पुण्यात हुजूरपागेच्या वसतिगृहात एक सात वर्षांची मुलगी ब्रह्मदेशातून शिकायला आली. आईबाप समुद्रापलीकडे. परांजप्यांची मुलगी शकुंतला तिची मैत्रीण. परांजप्यांच्या पत्नीने त्या पोरीला आपल्या घरात लेकीसारखे ठेवून घेतले. ती मुलगी म्हणजे इरावती. पुढे त्या कर्व्यांच्या सूनबाई झाल्या, १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि १९३० मध्ये मानववंशशास्त्राची पदवी घेऊन आल्या. तिथे त्यांना मानवी कवट्यांची मापे घ्यायचे काम होते. आपल्या वंशाची कवटी इतरांहून वेगळी आणि वरचढ, असे मानणारी हवा तिथे वाहत होती. इरावतीबाईंच्या मापांत तसे काही निघाले नाही, आणि परक्या शहरात, परक्या गुरूसमोर त्यांनी ते तसेच मांडले. लहानपणी परक्या गावात मायेचे घर मिळालेल्या माणसाला पुढे परक्या गावाची भीती कमी वाटते, असे मला आपले वाटते.

पण मंडळी, हे झाले ज्यांना कोणी ना कोणी होते त्यांचे. ज्याला आपल्याच मुलखात कोणी खोली देत नाही, त्याने काय करावे? भीमराव आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पहिल्या वसतिगृहातले जेवण मानवले नाही, म्हणून दुसरीकडे गेले, आणि शेवटी एका वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. ही खोलीतली सोबत जन्मभराची मैत्री झाली. पुढे पैशाची अडचण पडली तेव्हाही हा मित्र धावून आला. न्यूयॉर्कने खोली दिली. आणि १९१७ साली हेच आंबेडकर एवढी विद्या घेऊन नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा त्या शहरात त्यांना कोणी जागा देईना. नाव बदलून एका पारशी वसतिगृहात ते राहिले. जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढले. परका मुलूख कोणता आणि आपला कोणता, हे अशा वेळी कसे ठरवायचे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडच्या काही थोरांनी भाषणाने नव्हे, वसतिगृहे काढून दिले. शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह काढले, त्यात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसली. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहायक समिती काढली ती खेड्यातून येणाऱ्या गरजू मुलांच्या राहण्या-जेवण्यासाठीच.

तेव्हा गुरुजींनो आणि बाईंनो, आपल्या शाळेतला मुलगा किंवा मुलगी शिकायला शहरात निघाली, मग ते शहर पुणे असो की परदेशातले एखादे असो, तर गुणपत्रिकेबरोबर आणखी चार गोष्टी बघा. खोलीला खिडकी आहे का? दोन वेळचे जेवण कुठे ठरले? त्या गावात तिला नावाने ओळखणारे एक तरी घर आहे का? नसेल तर आपल्या ओळखीतल्या कोणाला चार ओळी लिहा. आणि पहिल्या महिन्यात तिची खुशाली विचारा. घरच्यांनाही सांगा, की मार्क किती पडले हे मागाहून विचारा, आधी जेवलीस का ते विचारा.

शहरात राहणाऱ्या श्रोत्यांनाही एक विनंती आहे. आपल्या गल्लीत बाहेरगावचे एखादे पोर खोली घेऊन राहत असेल, तर सणासुदीला त्याला पानावर बोलवा. रोझेलच्या बाईंनी दूरच्या, न पाहिलेल्या मुलीसाठी दार उघडले होते. आपल्याला तर जिना उतरून शेजारच्या खोलीची कडी वाजवायची आहे.